विमान चुकीच्या जागी उतरवलं, तरी पायलटचं लायसन्स का जात नाही?

वरळी सी-फेसच्या कट्ट्यावर बसलं की कधीतरी एखादं हेलिकॉप्टर किनाऱ्याच्या कडेनं जाताना दिसतं. बहुतेक वेळा ते जुहूहून निघालेलं असतं आणि महालक्ष्मी रेसकोर्सच्या दिशेनं चाललेलं असतं. ते जरा खाली आल्यासारखं वाटलं की लगेच मोबाइल वर होतात. व्हिडिओ पोस्ट होतो आणि खाली एक कमेंट ठरलेली असते: ‘याचं लायसन्स आधी रद्द करा.’

असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्याला सवय रस्त्याची असते. मुंबई वाहतूक पोलिसांचं मुख्यालयही वरळीतच आहे. रस्त्यावरचा हिशोब सरळ आहे. सिग्नल तोडला, कॅमेऱ्यानं टिपलं, ई-चलन आलं. सिग्नल चुकून तुटला की मुद्दाम तोडला, याची चौकशी कोणी करत बसत नाही.

विमानांच्या बाबतीत मात्र नियम करणाऱ्या यंत्रणा नेमका हाच प्रश्न आधी विचारतात. चूक प्रामाणिक होती का? उत्तर ‘हो’ असेल तर अनेकदा पायलटला शिक्षेऐवजी पुन्हा वर्गात बसवलं जातं. हे ऐकायला जरा जास्तच उदार वाटतं. पण त्यामागे बराच जुना आणि महागात पडलेला अनुभव आहे. तो काय आहे आणि भारतात काय होतं, ते समजून घेऊया.

हॅरिसन फोर्डचं काय झालं होतं?

‘स्टार वॉर्स’ आणि ‘इंडियाना जोन्स’मुळे जगाला माहीत असलेला हा अभिनेता हौशी पायलट आहे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी तो आपलं छोटं विमान घेऊन कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर उतरत होता. त्याला धावपट्टी दिली होती. तो उतरला शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं ज्या रस्त्यानं धावपट्टीपर्यंत जातात त्यावर. उतरताना त्याच्या खाली प्रवाशांनी भरलेलं बोइंग ७३७ उभं होतं. त्याच्या डोक्यावरून हे छोटं विमान गेलं.

व्हिडिओ जगभर फिरला. वय ७४, सेलिब्रिटी, थोडक्यात टळलेला अपघात. आता याचं लायसन्स जाणार, असं बऱ्याच जणांनी धरलं होतं. फोर्डनं एटीसीशी फोनवर बोलताना चूक सरळ मान्य केली. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिथल्या विमान नियामकानं, चौकशी संपवली. लायसन्स कायम राहिलं, दंड झाला नाही. त्याला समुपदेशन आणि प्रशिक्षण मात्र पूर्ण करावं लागलं.

तीन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, हॉथॉर्न विमानतळावर तो एटीसीची सूचना नीट न ऐकता धावपट्टी ओलांडून गेला. तेव्हा त्याच धावपट्टीवर दुसरं विमान होतं. या वेळीही त्याला धावपट्टीच्या सुरक्षेचा कोर्स करायला लावून प्रकरण मिटवण्यात आलं.

‘मोठा माणूस म्हणून सोडला’ असं वाटू शकतं. पण हे २०१५ पासूनचं एफएएचं जाहीर धोरण आहे. चूक नकळत झाली असेल, पायलट सहकार्य करत असेल आणि पुढे नियम पाळायची त्याची तयारी असेल, तर आधी प्रशिक्षण. मुद्दाम किंवा बेपर्वाईनं नियम मोडला असेल, किंवा पायलट सहकार्यच करत नसेल, तर कायदेशीर कारवाई.

मुंबईत तीच चूक दोनदा का झाली?

या धोरणामागचा विचार समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. जुहूचं उदाहरण पुरेसं आहे.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. बॉम्बे फ्लाइंग क्लब इथलाच. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेलं भारतातलं पहिलं पायलट लायसन्स याच क्लबमधलं. पुढे मोठी विमानं आली आणि सांताक्रूझचा विमानतळ मुख्य झाला. या दोन्ही विमानतळांमध्ये अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. त्यात दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेत, पूर्व-पश्चिम. अरबी समुद्राकडून येणाऱ्या विमानाला आधी जुहूची धावपट्टी दिसते आणि सांताक्रूझची त्याच्या मागे. फरक लांबीत आहे. जुहूची धावपट्टी आज १,१४३ मीटर आहे आणि सांताक्रूझची मुख्य धावपट्टी तिच्या जवळपास तिप्पट.

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट. विमान वाचलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून बाहेर काढण्यात आलं.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं. या वेळी धावपट्टी संपली, विमान पुढे घुसलं आणि कायमचं निकामी झालं. काही जण जखमी झाले, पण सुदैवानं कोणाचा जीव गेला नाही.

दोन्ही विमानं चालवणारे लोक कंपन्यांचे व्यावसायिक पायलट होते. देश वेगळे, कंपन्या वेगळ्या, मधे १९ वर्षांचा काळ. तरी चूक तीच आणि जागाही तीच. १९५३ च्या पायलटला कितीही कडक शिक्षा केली असती, तरी १९७२ च्या पायलटला समोर तीच फसवी धावपट्टी दिसली असती.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी चुकांवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या लेखनामुळे परिचित झालेली एक कसोटी आज जगभर वापरली जाते. चूक करणाऱ्याच्या जागी तेवढंच शिकलेला, तेवढाच अनुभवी दुसरा माणूस ठेवा. त्याच परिस्थितीत तोही तीच चूक करू शकला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर फक्त माणूस बदलून उपयोग नाही. धावपट्टीवरच्या खुणा, दिवे, नकाशे, एटीसीचे शब्द किंवा प्रशिक्षण यातलं काहीतरी बदलायला हवं.

मग प्रामाणिक चूक म्हणजे नेमकी कोणती?

जगभरात या पद्धतीला ‘जस्ट कल्चर’ म्हणतात. मराठीत न्याय्य वागणूक म्हणता येईल. यात चुकांचे साधारण तीन प्रकार केले जातात.

नकळत झालेली चूक: पायलटला नियम माहीत होता, तो पाळायचाही होता, पण हातून चुकलं. एटीसीनं सांगितलेली उंची ऐकण्यात गल्लत झाली. रेडिओवर चुकीची फ्रीक्वेन्सी लावली. टॅक्सीवेला धावपट्टी समजला. वाऱ्यामुळे भरकटून परवानगी नसलेल्या हवाई हद्दीत शिरला. इथे बहुधा समज देणं आणि पुन्हा प्रशिक्षण.

धोका कमी लेखणं: ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणून घेतलेला शॉर्टकट. इंधन मोजलं नाही, अंदाजानं निघाला. हवामानाचा अहवाल वरवर पाहिला. इथे इशारा, जास्त प्रशिक्षण आणि प्रसंगी काही काळासाठी लायसन्स निलंबित.

जाणूनबुजून केलेलं उल्लंघन: दारू पिऊन उडणं. कागदपत्रात खोटे तास दाखवणं. खासगी लायसन्सवर पैसे घेऊन प्रवासी फिरवणं. अपघात लपवणं. इथे प्रामाणिक चुकीचं संरक्षण मिळत नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलं की चूक आपोआप प्रामाणिक ठरत नाही. भारतातलं माउथवॉशचं उदाहरण घ्या. श्वास चाचणीत पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्या पायलटचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित होतं. २०२३ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, या नियमात अल्कोहोल असलेल्या माउथवॉश आणि टूथ जेललाही बंदी घातली. म्हणजे ‘मी प्यायलो नव्हतो, फक्त चूळ भरली होती’ हे कारण सांगायला आता फारशी जागा उरलेली नाही. जी खबरदारी पायलटच्या हातात आहे ती त्यानं घ्यायलाच हवी, असा याचा अर्थ.

चूक सांगणाऱ्याला संरक्षण द्यायचं कशासाठी?

रस्त्यावर कॅमेरा असतो. आकाशात बऱ्याच चुका फक्त पायलटलाच माहीत असतात. छोट्या खासगी विमानात तर मोठ्या विमानासारखा ब्लॅक बॉक्सही बहुतेक वेळा नसतो. चार सेकंद उशिरा लक्षात आलेली वीजवाहिनी, चुकून ओलांडलेली रेषा, थोडक्यात हुकलेलं दुसरं विमान. पायलट गप्प बसला तर हे कोणालाच कळत नाही.

गप्प बसण्याची किंमत १९७४ मध्ये दिसली. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावताना घोळ झाला, विमान वेळेआधी खाली आलं आणि व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे ९२ जण गेले.

चौकशीत कळलं की त्याच ठिकाणी, त्याच घोळामुळे, सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडनं आपल्या पायलटांना सावधही केलं होतं. ती माहिती दुसऱ्या कंपनीच्या पायलटांपर्यंत पोचलीच नाही.

यानंतर एफएएनं स्वतःच चुका कळवण्याची योजना काढली. पण पायलटांचा विश्वास बसेना. जो शिक्षा करतो त्याच्याच हातात कबुलीजबाब कोण देईल? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं. हो, अंतराळवाली नासाच. तिच्याकडे शिक्षा करण्याचा अधिकार नाही, त्यामुळे पायलट मोकळेपणानं लिहू लागले. या व्यवस्थेचं नाव एएसआरएस. तिच्याकडे आजवर वीस लाखांहून जास्त अहवाल आले आहेत. नाव-गाव काढून टाकलेले अनुभव पुढे सगळ्यांना वाचायला मिळतात.

बदल्यात पायलटला मिळतं ते असं. चूक झाल्यावर दहा दिवसांच्या आत अहवाल दिला, तर नियमभंग सिद्ध झाला तरी दंड किंवा निलंबन लागू होत नाही. पण अटी आहेत. चूक मुद्दाम केलेली नसावी. गुन्हा किंवा अपघात घडलेला नसावा. मागच्या पाच वर्षांत त्या पायलटवर नियमभंग सिद्ध झालेला नसावा. म्हणजे दरवेळी चूक करून सुटायचा हा पास नाही.

ब्रिटननं १९८२ मध्ये ‘चर्प’ नावाची अशीच व्यवस्था सुरू केली. युरोपीय संघानं २०१४ च्या नियमात चूक कळवणाऱ्याचं संरक्षण कायद्यातच लिहिलं.

भारतात काय होतं?

आपल्याकडे खासगी पायलट व्हायला किमान वय १७ वर्षं लागतं, उड्डाणाचे किमान ४० तास लागतात आणि वैद्यकीय चाचणी पास व्हावी लागते. या लायसन्सवर पैसे कमावता येत नाहीत. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विमान चालवायचं प्रशिक्षण मिळतं. तिथल्या एखाद्या पायलटच्या हातून चूक झाली तर तीन वेगवेगळ्या यंत्रणा येऊ शकतात.

१. डीजीसीए. लायसन्स देणारी आणि काढून घेणारी संस्था. समज, लेखी इशारा, पुन्हा प्रशिक्षण, निलंबन, लायसन्स रद्द, दंड, असं चढत्या क्रमानं तिच्या हातात असतं. विमान नियम १९३७ च्या नियम १९ प्रमाणे लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याआधी पायलटला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. व्हिडिओ व्हायरल झाला म्हणून सकाळी उठून लायसन्स कायमचं रद्द, असं करता येत नाही.

२. एएआयबी. विमान अपघात तपास ब्युरो, स्थापना २०१२. हिचं काम कारण शोधणं. तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही, असं तिच्या नियमांतच लिहिलेलं आहे. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग, तपासात घेतलेले जबाब अशा गोष्टी इतर कामांसाठी सहज देता येत नाहीत, त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागतो. लोक तपासात खरं बोलावेत म्हणून ही तरतूद आहे.

३. पोलीस. कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत होणं, लागू शकतं.

कायद्याची भाषाही इथे महत्त्वाची आहे. १९३४ च्या विमान कायद्यात धोकादायक उड्डाणाला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती, पण त्यात एक शब्द होता: जाणूनबुजून. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीही हातून चुकणं आणि मुद्दाम करणं यात कायदा फरक करत होता. २०२० च्या दुरुस्तीनं दंडाची मर्यादा १० लाखांवरून १ कोटी रुपये झाली. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे. दंडाच्या आदेशाविरुद्ध दुसऱ्यांदा अपील करण्याची सोय त्यात नव्यानं दिली आहे.

कधीकधी नियामक पायलटकडून नजर उचलून संस्थेकडेही पाहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत एकाच आठवड्यात प्रशिक्षणाची दोन विमानं पडली. त्या संस्थेच्या विमानांचे सहा महिन्यांत पाच अपघात झाले होते. डीजीसीएनं संस्थेची प्रशिक्षणाची परवानगीच स्थगित केली. जुहूचंच सूत्र इथेही दिसतं. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा घडत असेल, तर शिकाऊ पायलटला धरून भागत नाही.

भारतात अडतं कुठे?

स्वतःहून चूक कळवण्याची सोय आपल्याकडेही आहे. पण ती माहिती जाते डीजीसीएकडे, आणि शिक्षा करण्याचा अधिकारही डीजीसीएकडेच. नासासारखी मधली, शिक्षेचा अधिकार नसलेली संस्था नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये पायलटांना जी भीती वाटत होती, ती इथे वाटली तर नवल नाही.

दुसरी अडचण घाईची. मुंबईचंच उदाहरण आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई-जयपूर विमानात केबिनमधला हवेचा दाब राखणारी यंत्रणा सुरू करायची राहून गेली. अनेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आणावं लागलं. तपास सुरू होताच दोन्ही पायलटांना ड्यूटीवरून उतरवण्यात आलं. सुरक्षेसाठी हे योग्य पाऊल आहे. पण बाहेरून बघणाऱ्याला तीच शिक्षा वाटते आणि बातमी तिथेच संपते. स्विच का राहून गेला, चेकलिस्ट नीट वाचली गेली का, हे महत्त्वाचे प्रश्न नंतर कोणी फारसे वाचत नाही.

पण मग जमिनीवरच्या माणसाचं काय?

हा आक्षेप खरा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेचे सिनेटर जिम इनहोफ यांनी टेक्ससमध्ये आपलं विमान दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे माणसं आणि वाहनं काम करत होती. कोणाला इजा झाली नाही. इनहोफ यांना पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि लायसन्स राहिलं. आपल्याला नीट वागणूक मिळाली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पुढाकार घेऊन २०१२ मध्ये पायलटांच्या हक्कांचा कायदाच करून घेतला. चौकशीची पूर्वसूचना आणि पुराव्याची माहिती पायलटला मिळणं त्यात आलं.

हौशी पायलटला उडायचं असतं आपल्या आनंदासाठी. खाली काम करणाऱ्या मजुराला त्यात काही मिळत नाही, धोका मात्र त्याचाही असतो. म्हणून सौम्य वागणुकीला दोन गोष्टींची जोड असेल तरच ती न्याय्य ठरते. एक, प्रशिक्षण कागदावरचं नको, ते खरंच व्हायला हवं आणि पायलट तयार झाल्याशिवाय त्यानं पुन्हा उडता कामा नये. दोन, त्या चुकीतून काय बदललं ते लोकांना कळायला हवं. खूण बदलली, दिवा लावला, नियम स्पष्ट केला, असं काहीतरी. हे होत नसेल तर ‘प्रामाणिक चूक’ म्हणजे प्रकरण दाबायचा सभ्य शब्द, असा संशय लोक घेणारच.

पुढचा व्हिडिओ दिसला तर काय बघायचं?

* पायलटनं घटना स्वतःहून कळवली का, की ती उघड झाल्यावर बोलला?
* नियम माहीत असून मोडला, की समजण्यात गल्लत झाली?
* त्याच ठिकाणी किंवा त्याच संस्थेत असं आधी घडलंय का?
* चौकशीनंतर पायलटशिवाय आणखी काय बदललं?

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांवरून पायलटचं काय करायचं ते ठरतं. शेवटच्या दोनांवरून पुढच्या विमानाचं काय होणार ते कळतं. जुहूला १९५३ नंतर हे शेवटचे दोन प्रश्न नीट विचारले गेले असते, तर कदाचित १९७२ चं विमान सांताक्रूझलाच उतरलं असतं.